पालक समाधानी, मूल अडखळतंय: मग खरं कोणाचं मानायचं?

एका शाळेकडून मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. शाळेने पालकांना विचारलं की शिक्षणाच्या दर्जाबद्दल समाधानी आहात का, आणि बहुतेकांनी 'हो' वर खूण केली. त्याच सुमारास पाचवीच्या मुलांचं वाचन तपासलं, तर बरीच मुलं साध्या उताऱ्यात अडखळली. आणि चारचौघांत शिक्षणाचा विषय निघाला की 'दर्जा पार घसरलाय' यापलीकडे काही ऐकू येत नाही. या तिघांतलं खरं काय, आणि पुढच्या वेळी पालकांना विचारायचं तरी कसं?

गेली वीसेक वर्षं मी दोन कामं करते आहे. पालकांना प्रश्न विचारणं, आणि त्यांच्याच मुलांच्या चाचण्या घेणं. दोन्ही कामं एकाच घरात बसून केली की या प्रश्नाचं उत्तर हळूहळू दिसायला लागतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या एकाच वस्तूबद्दल बोलत नाहीत. 'समाधानी' म्हणणारा पालक सांगतो की शाळेकडून त्याची जी अपेक्षा होती ती पुरी झाली. चाचणी सांगते मुलाला काय येतं. आणि 'दर्जा घसरलाय' म्हणणारा माणूस बहुधा त्याने कधी पाहिलेल्या नसलेल्या शाळांबद्दल बोलत असतो.

ही शेवटची गोष्ट आधी घेते, कारण तिच्यावर आकडे भरपूर आहेत. अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी हेच विचारते. २०२३ मध्ये देशातल्या शालेय शिक्षणाच्या दर्जाबद्दल समाधानी असलेले लोक होते ३६ टक्के. त्याच पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना 'तुमच्या स्वतःच्या मुलाचं शिक्षण कसं आहे' असं विचारलं, तर ७६ टक्के समाधानी निघाले. तिथलीच पीडीके ही शिक्षकांची जुनी संघटना १९६९ पासून लोकमत घेते आणि १९७४ पासून लोकांना शाळांना श्रेणी द्यायला सांगते. २०२२ मध्ये आपल्या भागातल्या सरकारी शाळांना 'अ' किंवा 'ब' देणारे ५४ टक्के होते, त्या मालिकेतला सगळ्यात वरचा आकडा. देशभरातल्या शाळांना तशी श्रेणी देणारे मात्र एक चतुर्थांशसुद्धा नव्हते.

सगळ्यांच्याच जवळच्या शाळा चांगल्या आणि देशातल्या शाळा मात्र वाईट, हे गणित जुळत नाही. पण लोक खोटं बोलत नसतात. जवळची शाळा त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरून, मुलाच्या वहीवरून, गेटवरच्या गप्पांवरून माहीत असते. दूरची शाळा बातमीतून कळते, आणि शाळा बातमीत येते ती छत पडलं, पेपर फुटला, मुलाला मारहाण झाली म्हणून. मुलांना भागाकार नीट जमू लागला, ही बातमी होत नाही.

जवळच्या शाळेबद्दलच्या समाधानात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते आणि ती फार मानवी आहे. शाळा पालकाने निवडलेली असते. तिला वाईट म्हणणं म्हणजे आपलाच निर्णय चुकला म्हणणं, आणि तेही मूल रोज सकाळी तिथेच जात असताना. शिवाय जे अगदीच नाराज होते त्यांनी मुलाचं नाव केव्हाच काढून नेलेलं असतं. सर्वेक्षणाचा कागद पोचतो तो राहिलेल्यांकडे. तुमच्या आकड्यात गेलेली मुलं नाहीत. ती किती, हे हजेरीपटावरून मोजा आणि जमल्यास त्यांच्या घरी फोन करा. अशा दहा फोनांतून जे कळतं ते दोनशे फॉर्म भरूनही कळत नाही.

आता 'समाधानी' या शब्दाकडे. एक प्रसंग सांगते.

एका घरी वाचनाची चाचणी घ्यायला गेले होते. मुलगी चौथीत. आई मोठ्या कौतुकाने म्हणाली, 'ही छान वाचते, बघा तुम्ही.' मुलीने भाषेचं पुस्तक आणलं, धडा उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. खरंच छान. आवाज स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणं, उद्गारचिन्हाला आवाज चढवणं, सगळं जागच्या जागी. आई माझ्याकडे बघत होती, मी बोटाकडे बघत होते. बोट आवाजाच्या दोन शब्द मागे होतं. मग ओळ संपली तेव्हा बोट पुढे गेलं आणि आवाज मागे राहिला. दोघांची भेटच होत नव्हती. धडा पाठ होता.

मी माझ्याजवळचं कार्ड दिलं. चार ओळींचा परिच्छेद, पहिलीच्या पातळीचा, पण तिने आधी न पाहिलेला. पहिला शब्द तिने अक्षर अक्षर लावला. दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्याला तिने आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही, पण तिने ते कार्ड माझ्या हातून घेतलं आणि स्वतः बराच वेळ बघत राहिली, जणू कार्डातच काही चुकलं असावं.

त्या आईने महिनाभर आधी शाळेच्या फॉर्मवर 'समाधानी' लिहिलं असेल तर ती चुकली का? तिच्यासमोर पुरावा काय होता? रोज संध्याकाळी मूल पुस्तक उघडतं आणि घडाघडा वाचतं. वह्या भरलेल्या. प्रगतिपुस्तकात भाषेच्या रकान्यात चांगली श्रेणी. शाळेने दिलेल्या पुराव्यावर तिने शाळेला दिलेलं ते प्रमाणपत्र होतं. पालकांना दर्जा कळत नाही असं शिक्षकांच्या बैठकांत फार सहज म्हटलं जातं आणि मला ते ऐकवत नाही. आपण त्यांच्या हातात जे ठेवतो त्यावरच ते मत बनवतात. श्रेणी फुगवून द्यायची आणि मग पालक भाबडे म्हणायचे, हे बरोबर नाही.

यावर नीट अभ्यासही झाले आहेत. रेबेका डिझन-रॉस या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या मलावीत पालकांना त्यांच्या मुलांच्या गुणांचा अंदाज विचारला, तर अंदाज आणि प्रत्यक्षात मोठी तफावत निघाली, आणि गरीब, कमी शिकलेल्या घरांत ती जास्त होती. खरे गुण साध्या भाषेत समजावून सांगितल्यावर मात्र पालकांनी आपले निर्णय बदलले. मुलाच्या पातळीला साजेसे सरावसंच निवडायला लागले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, ज्यांच्याकडे खर्चायला सगळ्यात कमी असतं त्यांनाच चुकीच्या माहितीवर खर्च करावा लागतो.

बरं, ही फसगत फक्त पालकांची होते असं नाही, खुद्द शिकणाऱ्याचीही होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सफाईदार व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच मजकूर आधी स्वतः झगडून, आपसात चर्चा करून सोडवायला लावला. चाचणीत दुसरा गट पुढे गेला. पण 'किती शिकलात असं वाटतं' या प्रश्नाला व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त गुण दिले. सगळं सुरळीत कळत गेलं की शिकल्यासारखं वाटतं. अडखळत शिकलं की आपल्याला काही येत नाही असं वाटतं, आणि शिकणं बरेचदा त्या अडखळण्यातच होत असतं. म्हणून विद्यार्थ्यांच्या पसंतीच्या गुणांवर शिक्षक चांगला की वाईट ठरवणाऱ्या शाळा-कॉलेजांना मी नेहमी थांबवते. तो आकडा वर्ग आवडला का एवढंच सांगतो.

शाळा निवडतानाही असंच होतं. न्यूयॉर्कमधल्या हायस्कूल प्रवेशांच्या मोठ्या अभ्यासात, पालकांनी लावलेल्या पसंतीक्रमाचा संबंध त्या शाळेत कोणती मुलं येतात याच्याशी निघाला. मूल आत आल्यावर शाळा त्यात किती भर घालते, याच्याशी स्वतंत्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे निकाल चांगला लागतो म्हणून शाळा चांगली, आणि निकाल लागतो तो आधीच पुढे असलेली मुलं आत घेतली म्हणून. पालकाला बाहेरून हा फरक दिसणार कसा? शाळाही तो दाखवत नाही.

इथवर वाचून वाटेल की पालकांचं मत बाजूला ठेवावं आणि फक्त चाचण्या घ्याव्यात. तसं अजिबात करू नका. लोकमताला दिसणाऱ्या काही गोष्टी अशा असतात ज्या कुठल्याही चाचणीला दिसत नाहीत.

एका शाळेच्या सर्वेक्षणात आम्ही शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवला होता: 'मूल शाळेतून घरी आल्यावर सगळ्यात आधी काय करतं?' उत्तरं बहुतेक साधी आली, खातं, खेळतं, दप्तर टाकतं. पण तीन वेगवेगळ्या इयत्तांतल्या मुलींच्या आयांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'आल्या आल्या बाथरूमला पळते.' आम्ही शाळेत जाऊन पाहिलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, आणि दुपारच्या तासाला डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकत होत्या. त्या शाळेचे गुण ठीकठाक होते आणि समाधानाचा आकडा चांगला होता. ही गोष्ट त्या दोन्हींत नव्हती, ती आयांना ठाऊक होती. फक्त त्यांना कोणी त्या जागी प्रश्न विचारला नव्हता.

मूल शाळेला घाबरतं का, शिक्षक वर्गावर वेळेत येतात का, तक्रार घेऊन गेलं तर कोणी ऐकून घेतं का, चिडवाचिडवी कुठे चालते, सकाळी पोटात दुखायला कधीपासून लागलं, याचे जाणकार पालकच आहेत. त्यांना वाचनाची पातळी विचारायची आणि भीतीबद्दल विचारायचंच नाही, हे उलटं झालं.

'पूर्वी शिक्षण चांगलं होतं' याबद्दलही बोलावं लागेल. आपल्या आठवणीतला वर्ग हा टिकून राहिलेल्यांचा वर्ग असतो. जी मुलं चौथी-पाचवीत गळाली ती त्या आठवणीत नसतात, आणि जी शाळेत आलीच नाहीत ती तर नाहीतच. आज तशी बहुतेक मुलं वर्गात बसलेली आहेत. तेव्हाच्या निवडक मुलांशी आजच्या सगळ्या मुलांची तुलना केली की घसरण दिसणारच. पण म्हणून चिंता खोटी ठरत नाही. जागतिक बँक आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या २०२२ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. कोविडच्या महासाथीपूर्वी हा आकडा ५७ टक्के होता. श्रीमंत देशांच्या गटातही 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ ते २०२२ दरम्यान गणिताची सरासरी १५ गुणांच्या आसपास खाली आली, इतकी घट आधी कधी नव्हती. भारतात 'असर' हे ग्रामीण भागातलं घरोघरचं सर्वेक्षण २००५ मध्ये सुरू झालं. त्याच्या २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. घसरण झाली की पातळी आधीपासूनच खाली होती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळतात. शाळेपुरतं म्हणाल तर दुसरा प्रश्न जास्त निकडीचा.

मग पालकांना खरी पातळी दाखवली की काम होतं का? कधी होतं, कधी होत नाही, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

जर्मनीचं उदाहरण सगळ्यात मोठं. आपल्या शाळा उत्तम आहेत अशी तिथे सर्वसाधारण समजूत होती. पहिल्या 'पिसा' चाचणीचे निकाल डिसेंबर २००१ मध्ये आले. वाचन, गणित, विज्ञान, तिन्हींत देश सरासरीच्या खाली, आणि घरच्या परिस्थितीचा मुलाच्या गुणांवर होणारा परिणाम जवळजवळ सगळ्यांपेक्षा जास्त. त्या धक्क्याला तिथे 'पिसा-शॉक' असंच नाव पडलं. पुढच्या काही वर्षांत सगळ्या राज्यांसाठी समान शैक्षणिक मानकं ठरली आणि पूर्णवेळ शाळांसाठी केंद्राने चार अब्ज युरोंचा कार्यक्रम आणला. शाळा एका रात्रीत बिघडल्या नव्हत्या, लोकांना तुलना पहिल्यांदा दिसली होती.

पाकिस्तानातल्या पंजाबात ११२ गावांत एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत प्रत्येक पालकाला मुलाचे गुण, त्याच्या शाळेची सरासरी आणि गावातल्या इतर शाळांची सरासरी असं पत्रक दिलं. वर्षभरात त्या गावांत मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. प्रत्येक गावात निवडायला बऱ्याच शाळा होत्या, म्हणून पत्रकाला धार होती.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात साधारण त्याच काळात वेगळं घडलं. गावागावांत सभा घेऊन लोकांना शिक्षण समितीचे अधिकार समजावले, काही गावांत तर गावकऱ्यांकडूनच मुलांच्या चाचण्या घेऊन गावाचं प्रगतिपत्रक बनवलं. शाळेच्या कारभारात त्याने काही फरक पडला नाही. पण ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवायची सोपी पद्धत दिली आणि त्यांनी वर्ग चालवले, तिथे वर्गाला आलेली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. मूल वाचत नाही हे कळल्यावर घरच्या माणसाला करता येण्याजोगं काहीतरी हातात लागतं. ते नसेल तर माहिती नुसती टोचत राहते.

आता तुमच्या पुढच्या सर्वेक्षणाबद्दल.

फॉर्म मुलाच्या दप्तरातून वर्गशिक्षकांकडे परत येऊ देऊ नका. वर मुलाचं नाव आणि घेणारे हात त्याच्याच बाईंचे, अशा कागदावर कोण काय लिहिणार? बंद पेटी ठेवा, किंवा शाळेबाहेरच्या माणसाकडून विचारून घ्या. 'समाधानी आहात का' हा प्रश्न ठेवायचाच असेल तर शेवटी ठेवा. तो पहिला आला की पुढची सगळी उत्तरं त्याच्याशी जुळवून घेतली जातात. बाकीचे प्रश्न घडलेल्या गोष्टींचे हवेत आणि मुदत जवळची हवी. 'शिक्षक लक्ष देतात का' ऐवजी 'गेल्या महिन्यात शिक्षकांनी तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला कोणती एक नेमकी गोष्ट सांगितली'. 'अभ्यास चांगला होतो का' ऐवजी 'गेल्या तीन महिन्यांत मूल काय नवीन करायला शिकलं'. दुसऱ्या प्रश्नाला किती जण रकाना कोरा सोडतात ते मोजा. तो कोरेपणा फार बोलका असतो.

वर्गावर्गाची तुलना करताना हात आखडता घ्या. तीस फॉर्ममध्ये दहा टक्क्यांचा फरक म्हणजे तीन माणसं. तेवढ्यावर एखाद्या शिक्षकाला नोटीस काढलेली मी पाहिली आहे, आणि तो अन्याय होता. किती जणांनी फॉर्म भरलाच नाही, हा आकडाही अहवालात वरच लिहा. सगळ्यात अडचणीत असलेली घरं बहुतेक त्यातच असतात.

आणि एक प्रश्न असा ठेवा जो सहसा कोणी ठेवत नाही. चार कार्डं करा: अक्षरं, सुटे शब्द, छोटा परिच्छेद, थोडी मोठी गोष्ट. चारही नवीन मजकुराची, पाठ्यपुस्तकातली नकोत. पालकांना आधी विचारा, 'तुमचं मूल यातलं कुठलं कार्ड न अडखळता वाचेल?' अंदाज लिहून घ्या. मग मुलाला शेजारी बसवून वाचायला द्या, शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं पुरतात. पालकाचा अंदाज आणि मुलाने वाचलेलं कार्ड यांतलं अंतर हा तुमच्या शाळेबद्दलचा सगळ्यात उपयोगी आकडा आहे. अंतर मोठं असेल तर आधी प्रगतिपुस्तक दुरुस्त करा, कारण ते अंतर तिथून आलेलं असतं.

यात एक काळजी घ्या. हे वाचन सगळ्या पालकांसमोर होता कामा नये. कोपऱ्यात, एका वेळी एकच घर. मुलाला अपमान वाटला तर ते पुढे कार्डाला हातच लावणार नाही.

त्या चौथीतल्या मुलीच्या आईने कार्ड मला परत दिलं तेव्हा एकच विचारलं होतं, 'मग आता मी रोज काय करून घेऊ?' तिला स्वतःला जेमतेम वाचता येत होतं. त्या दिवशी माझ्याकडे तिला देण्यासारखं काही नव्हतं, मी फक्त मोजायला गेले होते. पुढच्या खेपेला मी कार्डांसोबत एक पान नेलं: रोज दहा मिनिटं, पाच नवे शब्द, मुलीने वाचायचे आणि आईने फक्त बोट शब्दावर आहे का ते पाहायचं. बोट आणि आवाज जुळतात का, हे बघायला वाचता यावं लागत नाही. तुमच्या पालकसभेतही पहिला प्रश्न हाच येईल. सभेची तारीख ठरवण्याआधी ते पान छापून घ्या.